कळण्याची भाकरी

माझा नातू यंदा नववीत गेला आणि शाळेतलं त्याचं दुपारचं जेवण बंद झालं. शालेय पोषण आहार पहिली ते आठवीपर्यंतच मिळतो. आता तो सकाळी दोन पोळ्या खाऊन निघतो, डबा नेतो आणि पाच वाजता दारातून आत पाय टाकत नाही तोच विचारतो, "मोठी माय, काय शे खावाले?" रात्री जेवून उठला की तासाभरात पुन्हा डब्यांची झाकणं उघडल्याचा आवाज येतो. मुलगा जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलमध्ये कामाला आहे. सात तारखेला पगार होतो, आठला किराणा भरतो. वीस तारखेनंतर सून डबे हलवून बघायला लागते.

सुनेला वाटलं पोराला जंत झाले असतील. गोळी देऊन झाली. मी अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी सेविका होते, हजारो वजनं घेतली, तक्ते भरले. मी तिला सांगितलं, हा आजार नाही, हे वय आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे कोष्टक दिलं, त्यात तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला २८६० किलोकॅलरी लागतात असं म्हटलंय. मध्यम मेहनतीचं काम करणाऱ्या मोठ्या माणसाला २७१०. म्हणजे आमच्या घरात सगळ्यांत जास्त लागतं ते पोत्यांची चढउतार बघणाऱ्या बापाला नाही, नववीतल्या पोराला. सोळा ते अठरा या वयात तर हाच आकडा ३३२० वर जातो.

मग आमच्या आयांनी, आज्यांनी हे कसं भागवलं? त्यांच्याकडे किराण्याची यादी नव्हती आणि कोष्टकंही नव्हती. घरात पाच-सहा वाढती पोरं, दोनदा दुष्काळ, एकदा टोळधाड, आणि तरी त्यातली बरीच पोरं हाडापेराने मजबूत निघाली. या प्रश्नाचं एक उत्तर खानदेशाने फार पूर्वी शोधून ठेवलं होतं. ते उत्तर म्हणजे कळण्याची भाकरी. आपल्याकडे तिला गरिबाचं खाणं म्हणून ओळखतात. माझ्या मते ती आपल्या मुलखातली सगळ्यांत शहाणी गोष्ट आहे.

कळणा हा शब्द आधी बघू. डाळ भरडताना जी बारीक कणी, चुरा आणि टरफल निघतं त्याला मराठीत कळणा म्हणतात. 'कळणाकोंडा खाऊन दिवस काढले' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. चांगली डाळ बाजारात जायची, घरात कळणा राहायचा. खानदेशातल्या बायकांनी तो टाकला नाही, ज्वारीत मिसळून दळला. पुढे कळण्याऐवजी अख्खा, सालासकट उडीदच ज्वारीत घालायची रीत पडली, पण नाव तेच राहिलं. चार वाटे ज्वारी, एक वाटा उडीद आणि दळणातच खडे मीठ. आमच्याकडे असंच होतं. काही घरांत उडीद थोडा जास्त, काही घरांत ज्वारीऐवजी बाजरी.

हे मिश्रण स्वयंपाकघरात ठरलं नाही, ते शेतात ठरलं. माझं माहेर शिंदखेडा तालुक्यातलं, तापीच्या अलीकडचं. काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन. मृगाचा पाऊस झाला की उडीद-मूग पेरायचे. दोन-अडीच महिन्यांत, पोळ्याच्या आगेमागे शेंगा तोडणीला यायच्या. रान मोकळं झालं की पाळी घालून त्याच वावरात भादवा-अश्विनात दादर पेरायची. दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. पांढरी, टपोऱ्या दाण्याची, पाटाच्या पाण्याशिवाय नुसत्या ओलीवर येणारी. उडदाच्या मुळांनी जमिनीत जे सोडलं, त्यावर दादर पोसायची. एकाच वावराची दोन पिकं एकाच जात्यात यायची. शेतात जो फेर होता तोच भाकरीत उतरला.

यामागचं शास्त्र मला अंगणवाडीच्या प्रशिक्षणात कळलं. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, पण त्यांत लायसिन नावाचा घटक तोकडा असतो. शरीर वाढवायला तो लागतोच. उडदात प्रथिनं दुपटीहून जास्त, आणि लायसिन भरपूर. उडदात जे कमी पडतं ते ज्वारीत मिळतं. दोन्ही एका घासात पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून निघते. त्या दिवशी प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी फळ्यावर हे लिहिलं तेव्हा मला माझ्या मोठ्या मायचे, म्हणजे आजीचे, पिठाने भरलेले हात आठवले. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं.

आणखी एक गोष्ट कुठल्या पुस्तकात नाही. घरात डाळीची वाटी वेगळी वाढली की ती कोणाच्या पानात किती पडली हे दिसतं. तुटपुंजी असली की आधी बाप्यांच्या पानात पडते. कळण्यात डाळ पिठातच असते. तिची वाटणी करता येत नाही. ज्याने भाकरी खाल्ली त्याला डाळ मिळाली.

हे मी पोरगी म्हणून सांगते आहे. मी आणि माझा भाऊ, दोन वर्षांच्या अंतराने. त्याला भूक लागली की घरात कौतुक व्हायचं, "खाऊ दे त्याले, वाढस तो." मीही वाढतच होते, पण ते कोणी म्हणत नव्हतं. पोरींनी आईबरोबर शेवटी जेवायचं, कोरड्यास असेल तर असेल. माझ्या हाडांत जे काही बळ आलं ते भाजीतून, दुधातून आलं नाही. ते शेवटच्या भाकरीतल्या उडदातून आलं. मोठी माय चुलीपाशी बसलेली असायची. पहिल्या भाकरीचा पापुद्रा सोलून, त्यावर तेलाचे चार थेंब आणि मीठ लावून ती मागे हात करून मला द्यायची. पुढे बघतच द्यायची, म्हणजे कोणाला दिसू नये.

ती भाकरी कशी व्हायची ते अजून डोळ्यांसमोर आहे. काठवटीत पीठ घेतलं की उडदाचा ओलसर, मातीसारखा वास यायचा. पीठ राखाडी, त्यात सालांचे काळे ठिपके. नुसत्या ज्वारीला कढत पाणी लागतं, नाहीतर भाकरी थापताना फाटते. कळण्याला उडदाचा चिकटपणा असतो, साध्या पाण्यातही पीठ गोळा धरतं. तळहाताच्या टाचेने मळत राहायचं, मग काठवटीतच थापायची, कडा बोटांनी सावरत. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी आटलं की उलटायची आणि शेवटी निखाऱ्यावर उभी करायची. ती ज्वारीसारखी टम्म फुगत नाही, पण मऊ राहते. सकाळची भाकरी संध्याकाळीही हाताने तुटते. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि कांदा. भाजी असलीच तर वांग्याचं भरीत. दोन भाकरींवर पोराचं पोट सूर्य मावळेपर्यंत भरलेलं असायचं.

ती मऊ राहते म्हणूनच खानदेशातली पोरं शिकली, असं म्हटलं तर ते फार वावगं होणार नाही. गावात चौथी किंवा सातवीपर्यंतच शाळा. पुढचं शिक्षण अमळनेर, धुळे, जळगावला. अमळनेरला प्रताप हायस्कूल होतं. साने गुरुजी तिथे १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. ज्यांना छात्रालय परवडत नव्हतं ते वार लावून जेवायचे. आठवड्याचे सात वार, सात घरं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या घराच्या परिस्थितीप्रमाणे त्या दिवशी पोराच्या ताटात पडायचं. एखादा वार सुटला की तो दिवस उपाशी. वाढत्या वयाच्या पोराला दुसऱ्याच्या दारात दुसरी भाकरी मागता येत नाही. त्या पिढीतल्या माणसांशी मी बोलले आहे. सत्तर वर्षांनंतरही त्यांना कोणत्या वारी पोट भरायचं आणि कोणत्या वारी नाही हे आठवत होतं.

माझ्या भावाच्या वेळेपर्यंत एसटी आली होती. महाराष्ट्रात एसटी १९४८ साली सुरू झाली आणि गावोगाव पोचली, तशी आयांनी तिच्यात डबे घालायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात भाऊ धुळ्याला खोली करून राहिला तेव्हा त्याचा डबा रोज सकाळच्या गाडीने जायचा. आई पहाटे चारला उठायची. फडक्यात बांधलेल्या कळण्याच्या पाच भाकरी, कागदात चटणी, आणि डब्यावर तेलरंगाने भावाचं नाव. ड्रायव्हरच्या शेजारी असे वीस-पंचवीस डबे असायचे. धुळ्याच्या स्टँडवर पोरं उभी असायची. गाडी उशिरा आली तरी भाकरी कडक व्हायची नाही. गव्हाच्या पोळ्या पाठवल्या असत्या तर तेवढ्याच भुकेला दुप्पट लागल्या असत्या, आणि गहू आमच्याकडे सणाला होता.

या भाकरीवर घाव पडले ते बाहेरून. पहिला घाव कापसाचा. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस थांबला आणि खानदेशच्या कापसाला भाव आला. त्याच सुमारास रेल्वे जळगाव-भुसावळला पोचली. रोख पैसा आला हे खरं, पण जिथे धान्य पिकायचं तिथे कापूस उभा राहिला आणि धान्य विकत घ्यायची सवय लागली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत लोकांना कळलं की पैसा असूनही बाजारात दाणा नसला तर पोराच्या हातावर ठेवायला काही उरत नाही.

दुसरा घाव १९७२ च्या दुष्काळानंतर पडला. तो दुष्काळ मी स्वतः पाहिला. मी चौदा वर्षांची, भाऊ बाराचा. उडीद करपला, दादर पेरलीच गेली नाही. आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. तिथे सुकडी मिळायची, ती आई पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. रेशनवर लाल मिलो आली, अमेरिकेची ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, चव कडवट. भाऊ खायचा आणि तासाभरात पुन्हा भुकेला व्हायचा. घरात उतरंडीच्या तळाच्या मडक्यात बियाण्याचा उडीद होता, चारेक पायली. मोठी माय आणि बाप यांचं त्यावरून बोलणं झालं. बी खाल्लं तर पुढच्या वर्षी काय पेरायचं, हे बापाचं म्हणणं. पोरंच वाढली नाहीत तर कोणासाठी पेरायचं, हे मोठ्या मायचं. शेवटी अर्धा उडीद ठेवला आणि अर्धा मूठ-मूठ करत मिलोत दळला. त्या उन्हाळ्यात आम्ही मिलोचाच कळणा खाल्ला.

त्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली आणि रेशनचं जाळं घट्ट झालं. लाखो पोरं त्यामुळे वाचली, हे मी कधी विसरणार नाही. पण रेशनमधून आला तो गहू आणि तांदूळ. संकरित ज्वारीचे दिवस आले, मग कापूस, मका आणि पुढे तापीकाठी केळी वाढली. दादरीचा पेरा घटत गेला. ज्वारी गव्हाहून महाग झाली आणि आमच्या बायकांच्या हाताची थापण्याची सवय सुटली. पोळी म्हणजे पुढारलेपण, भाकरी म्हणजे मागासलेपण, हा समज माझ्या डोळ्यांदेखत घट्ट झाला. माझ्या लग्नात वऱ्हाडाच्या पंगतीला पोळ्या होत्या याचा आईला केवढा अभिमान होता!

आता आजचा हिशोब मांडते. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य. २०२३ पासून ते फुकट आहे. पाच किलो म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम, दोन भाकरींचंही पीठ नाही. चौदा वर्षांच्या पोराला लागणाऱ्या उष्मांकाचा तो जेमतेम पाचवा हिस्सा. आणि त्यात डाळ नाही. बाकीचे चार हिस्से घरच्या पगारातून यायचे असतात.

शाळेचं जेवण हा दुसरा आधार. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला, म्हणून खिचडीची चूल पेटली. सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशे ग्रॅम तांदूळ, तीस ग्रॅम डाळ, पंचाहत्तर ग्रॅम भाजी असं प्रमाण आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं द्यायचं ठरलं. आमच्या रावेर-यावलच्या केळी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना केवढा आनंद झाला होता. २०२५ च्या जानेवारीत अंडं-केळ्याचा वेगळा निधी थांबला. तरीही आठवीपर्यंतच्या मुलाला दुपारी काहीतरी गरम मिळतं. नववीच्या मुलाला काहीच नाही. ज्या वयात भूक मोठी होत जाते, त्याच वयात शाळा त्याचं ताट काढून घेते. ही व्यवस्था चुकीची आहे, असं मी स्पष्ट म्हणते.

यातली सगळ्यांत बोचणारी गोष्ट माझ्याच घरात आहे. माझा मुलगा डाळ मिलमध्ये आहे. जळगावच्या मिलमध्ये दूरदूरहून उडीद, तूर येते, साल काढून, पॉलिश होऊन देशभर जाते. जो चुरा आणि टरफल उरतं त्याला तिथे चुनी म्हणतात आणि ती गुरांच्या खाद्यात जाते. ही चुनी म्हणजेच जुन्या काळचा कळणा. ज्यावर आमची पिढी वाढली ते आता म्हशी खातात, आणि म्हशीचं दूध परवडत नाही म्हणून नातू चहात पाव बुडवून खातो.

म्हणून गेल्या श्रावणात मी सुनेला घेऊन बाजारात गेले. चार किलो ज्वारी, एक किलो अख्खा उडीद. उडीद ज्वारीच्या दुपटी-तिपटीने महाग, पण पाचांत एकच किलो लागतो. खडे मीठ घालून गिरणीत दिलं. घरी आल्यावर सुनेला थापायला शिकवलं. पहिल्या दिवशी तीन फाटल्या, चौथी जमली. आता आठवड्यातून पाच दिवस रात्री कळणा असतो. पोळ्या सहा लागायच्या तिथे भाकरी तीन लागतात. त्या तीन भाकरींत अडतीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. त्या वयाच्या मुलाला दिवसाला पंचेचाळीस लागतात. वरण पातळ झालं तरी चालतं. मध्यरात्री झाकणं वाजणं कमी झालं आहे. तेलाची पिशवी आता महिनाअखेरपर्यंत पुरते, कारण संध्याकाळी काही तळावं लागत नाही. पाच वाजता उरलेल्या भाकरीचा कुस्करा, त्यावर कच्चा कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. नाहीतर दोन केळी. लोडिंगमधून मागे राहिलेल्या फण्या आमच्याकडे स्वस्त मिळतात.

ज्यांच्या घरात वाढतं पोर आहे आणि पगार पुरत नाही, त्यांना माझं सांगणं आहे. महिन्याच्या दळणात ज्वारी आणा, रेशनचा गहू असेल तर त्यातही मिसळा, पण पाच किलोंच्या दळणात एक किलो सालासकट उडीद घाला. मुलीच्या ताटातही तेवढीच भाकरी वाढा, तिचंही वय वाढण्याचंच आहे. आणि ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांना हात जोडून विनंती आहे की शाळेचं जेवण दहावीपर्यंत न्या आणि त्यात आठवड्यातून दोन दिवस आपल्या मुलखाची भाकरी द्या. रेशनवर ज्वारी द्या आणि सोबत डाळ द्या. उडीद आणि दादर आजही आपल्याच काळ्या जमिनीत पिकतात.